सतरा तारखेचा सतरा नंबर

तारीख सतरा, डिसेंबर, वार बुधवार. नववी ब. पट सेहेचाळीस, हजर त्रेचाळीस. गैरहजर तीन: नऊ नंबर, तापाने, एकतीस नंबर, मामाच्या लग्नाला, सतरा नंबर, कारण माहीत नाही. याशिवाय खिडकीकडच्या रांगेत तिसऱ्या बाकावर, सतरा नंबरच्या रिकाम्या जागेवर, मी. वर्गशिक्षिका, विषय भूगोल, नोकरी बावीस वर्षं.

त्या दिवशीच्या डायरीतली ही नोंद जशीच्या तशी उतरवली आहे. मी डायरीत मनातलं लिहीत नाही, कामं लिहिते आणि झाली की खोडते. ‘कारण माहीत नाही’ हे लिहिताना माझा हात जराही थांबला नव्हता. ती मुलगी त्या घटकेला कुठे होती हे वर्गात एकीला पक्कं ठाऊक होतं आणि मी तिच्याच शेजारी जाऊन बसले होते. मला ते कळायला एक वाजला.

वर्गात बसायचं कारण साधं होतं. मुख्याध्यापक सर तालुक्याच्या प्रशिक्षणातून एक काम घेऊन आले होते. एका शिक्षकाने पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत विद्यार्थी म्हणून बाकावर बसायचं आणि दोन पानी टिपण द्यायचं. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एकदम वह्या तपासायला घेतल्या. मी हात वर केला, कारण काम कुणाच्या तरी अंगावर येणारच असेल तर ते उरकून टाकलेलं बरं. टिपणाचे मथळेही आदल्या दिवशी काढून ठेवले: उजेड, पंखे, बाकाची उंची, फळ्यावरचं अक्षर मागून दिसतं का, पिण्याचं पाणी, मुलींचं स्वच्छतागृह.

पुढचं समजायला तीन गोष्टी आधी सांगायला हव्यात.

पहिली तारखेची. आमच्या शाळेत प्रश्न कुणाला विचारायचा हे तारखेवरून ठरायचं. चार तारीख असेल तर चार नंबर उभा, बाराला बारा. गणिताचे सर त्याचं शेपूटही धरायचे: सतरा तारखेला सतरा नंबर फळ्यावर, आणि सात, सत्तावीस, सदतीस भिंतीला लागून तयारीत, चुकलं की पुढचा. पुष्कळ शाळांत असं चालतं. आमच्याकडे ते मी आणलं. काही वर्षांपूर्वी पालकसभेत एका आईने तक्रार केली होती की सर-मॅडम पुढच्या बाकावरच्यांनाच विचारतात, आमच्या पोरांची पाळी येतच नाही. मी लगेच उभी राहिले आणि म्हणाले, तारखेप्रमाणे विचारू, म्हणजे कुणाचं तोंड बघायला नको. सभेला पटलं. मलाही त्या दिवशी स्वतःचं कौतुक वाटलं. सगळ्यांची पाळी येते, एकतीसच्या पुढचे शेपटात, महिन्यातून एकदाच येते, वाद नाही. एका दिवसात आठ तास असतात आणि आठही तासांना तारीख तीच असते, एवढं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसरी गोष्ट बिबट्याची. जुन्नर-आंबेगावात ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. दिवाळीनंतर आजूबाजूच्या गावांतून इतकं कानावर यायला लागलं, की शाळेची वेळ बदलून साडेनऊ ते चार केली आणि मळ्यांतून, वस्त्यांवरून चालत येणाऱ्या मुलांच्या टोळ्या पाडल्या. टोळी चारांची तरी असलीच पाहिजे. पुढच्याच्या हातात घुंगरकाठी. फाटकाशी खिळ्याला दोरीने अडकवलेली वही. टोळी आली की म्होरक्याने आकडा सांगायचा, शिपाईमामांनी लिहायचा. याद्या माझ्याच. टोळी नंबर सहा म्हणजे कालव्यापलीकडचा मळा: माझ्या वर्गातल्या सतरा आणि अठरा नंबरच्या मुली आणि आठवीतल्या दोघी बहिणी. म्होरकी अठरा नंबर.

तिसरी गोष्ट सतरा नंबरच्या आईची. टोळ्या पाडल्या त्या सभेला ती आली होती. त्यांच्या गोठ्यातून आठवड्यापूर्वीच कालवड गेली होती. सगळ्यांदेखत ती मला म्हणाली, “मॅडम, तुमच्या भरवशावर धाडते. एक दिस जरी पोर वाटंत कुठं थांबली म्हणून कानावर आलं, तर दप्तर माळ्यावर टाकीन. मंग दहावी नको न् काय नको.” ती रागात नव्हती. हातातली पिशवी दोन्ही मुठींनी आवळून धरली होती.

तर त्या बुधवारी परिपाठाला, बाकावर जाऊन बसायच्या आधी, सूचना मीच वाचल्या. तिसरी सूचना अशी होती: कालव्यापलीकडे विहिरीजवळच्या फडात आजपासून ऊसतोड सुरू झाली आहे; तोड चालू असली की आतलं जनावर बाहेर पडतं; त्या बाजूच्या टोळ्यांनी घरी जाताना डांबरी रस्ता धरावा. वाचून झाल्यावर मी कागदाची घडी घातली आणि नववी ब मध्ये जाऊन हजेरी घेतली. सतरा नंबरला कुणी ‘हजर’ म्हटलं नाही. मी तांबड्या पेनाने खूण केली आणि रिकामी जागा बघून बसले.

शेजारी अठरा नंबर. एरवी वर्गात सगळ्यांत पुढे पुढे करणारी मुलगी. त्या दिवशी तिने माझ्याकडे बघितलंही नाही. वही उघडून ठेवली होती, वरती तारीख घातली होती, खाली एक अक्षर नाही. मला वाटलं, मॅडम शेजारी बसल्या म्हणून पोर अवघडली. मी टिपणवहीत लिहिलं: बाक अरुंद, दोघींची कोपरं लागतात.

पहिला तास विज्ञानाचा. सर आले, खडू घेतला आणि म्हणाले, “आज तारीख?” वर्ग एका सुरात म्हणाला, सतरा. “सतरा नंबर.” सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. सरांच्या लक्षात आलं तसे ते हसले, मला सूट दिली आणि सत्तावीस नंबरला उठवलं.

दुसऱ्या तासाला गणिताच्या सरांनी सूट दिली नाही. त्यांचा स्वभावच मिश्कील आहे. म्हणाले, जागेवर बसलात म्हणजे नंबर तुमचा, या फळ्यावर. वर्गाला गंमत वाटली, मलाही वाटली. उठून दोन बाकांमधून पुढे जाईपर्यंत वाटली. अवयव पाडायचे होते, सोपं होतं, घरी भाचीला मी ते शिकवलेलं आहे. पण फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि पाठीमागे त्रेचाळीस जण गप्प झाले. बावीस वर्षं मी त्याच फळ्यापाशी उभी राहते, पण पाठ अशी उघडी पडल्यासारखी कधी झाली नव्हती. कान तापले. पहिली ओळ लिहिली, दुसरी सुचेना. खडू ओला लागायला लागला, म्हणजे बोटंच ओली झाली होती. मी उगाच वरच्या कोपऱ्यात काहीतरी मांडायला लागले. सर मागून म्हणाले, “मॅडम, नकाशात उत्तर वर असतं. इथं खाली यावं लागतं.” वर्ग खदखदून हसला. ते हसणं वाईट नव्हतं. तरी जागेवर येऊन बसले तेव्हा मी वही उघडून तिच्यात डोकं घातलं, आणि मी पन्नाशीला आलेली, पगारी, कायम नोकरीतली बाई आहे.

तिसऱ्या तासाची घंटा झाली तेव्हा, खरं सांगते, मी दाराकडे बघायचं टाळलं. इंग्रजीच्या मॅडम येणार, तारीख विचारणार, वर्ग सतरा म्हणणार. तसंच झालं. उभी राहून एक परिच्छेद वाचला. वाचताना बाजूची मुलं किती सैलावून बसली आहेत ते दिसलं. आठ नंबर पेनाशी खेळत होती, तेवीस नंबर जांभई देत होता. आज त्यांची तारीख नव्हती. पुढे उभं राहून हे कधी दिसत नाही, पुढून सगळा वर्ग सारखाच गप्प दिसतो.

वाचून खाली बसले तेव्हा अठरा नंबरने पहिल्यांदा तोंड उघडलं. ओठ न हलवता, फळ्याकडे बघत, ती कुजबुजली. “मॅडम, तोडकरी विहिरीपासनं लागलेत का पल्याडनं?”

मी बोट ओठांवर ठेवलं. तासाला बोलायचं नाही हा नियम मी त्या दिवसापुरता स्वतःलाही लावून घेतला होता. तिने मान खाली घातली. त्यानंतर हिंदीच्या तासाला तिने पाणी प्यायला जाऊ का म्हणून दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ‘नाही’ ऐकलं. इतिहासाच्या तासाला ती खिडकीतून बघत राहिली. खिडकीतून कालव्याचा भराव दिसतो आणि भरावापलीकडे उसाचे तुरे. मध्येच तिकडून माणसांचा गलका ऐकू आला, बऱ्याच जणांनी एकदम ओरडल्यासारखा, आणि थांबला. तिने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. मी टिपणवहीत लिहिलं: पाण्यासाठी सोडत नाहीत, फेरविचार व्हावा.

पाच तास झाले, मोठी सुट्टी झाली. विद्यार्थी म्हणून मीही नळाच्या रांगेत उभी राहिले. नळ फाटकाजवळ आहे. रांग हलेना म्हणून खिळ्याला लटकलेली वही हातात घेतली. आकडे दिसले की मी बेरीज करते, ही सवय आहे. टोळी एक: पाच. टोळी दोन: चार. खाली येत गेले. टोळी सहा: चार.

चार.

मी परत वाचलं. मामांचंच अक्षर. टोळी सहामध्ये चारच मुली आहेत. म्हणजे चारही आल्या. आणि त्यातली एक माझ्या हजेरीत तांबडी.

अशा वेळी माझं डोकं यादी करतं. एक: फाटकातून आत आली आणि बरं वाटेना म्हणून परत गेली. दोन: शाळेतच कुठेतरी आहे. तीन: आलीच नाही, आकडा खोटा आहे. पहिल्या दोन शक्यता मनात येतानाच खोट्या वाटत होत्या, कारण मी रांगेत मागे वळून बघितलं तर अठरा नंबर पाण्याची बाटली धरून उभी होती आणि ती माझ्या हातातल्या वहीकडे बघत होती.

तिला बाजूला घेतलं. मला काही विचारावंच लागलं नाही.

“ती मोटारीच्या खोलीत हाय,” ती म्हणाली. “विहिरीवरच्या. सतराला ती तिथंच बसती. घरी जाताना आमी तिला घेतो.”

“एकटी?”

“मी बाहेरनं कडी घातलीय, मॅडम. वाघ आत शिरू नये म्हणून. आतनं कडीच न्हाई.”

इकडे बिबट्याला वाघच म्हणतात. मला तो शब्द त्या क्षणी नीट ऐकूसुद्धा आला नाही. मला फक्त कडी ऐकू आली. विहिरीजवळचा फड तोडायला घेतलेला, त्यातलं जनावर कडेला सरकत जाणार, कडेला विहीर, विहिरीवर मोटारीची खोली, आत चौदा वर्षांची पोरगी, आणि कडी बाहेरून. सकाळी नऊपासून. ही सूचना मी स्वतः मोठ्या आवाजात वाचली होती. शेजारची मुलगी ती ऐकल्यापासून पाच तास माझ्या कोपराला कोपर लावून बसली होती, आणि तिने विचारलेल्या एकुलत्या एक प्रश्नावर मी तिला गप्प केलं होतं.

मुख्याध्यापक सरांना मी एका वाक्यात सांगितलं. त्यांनी लगेच वनखात्याला फोन लावला. त्यांची गाडी आळे गावाच्या बाजूला होती, अर्धा तास लागेल म्हणाले. मामांनी मोटारसायकल काढली, मी मागे बसले. अठरा नंबरला सरांच्या खोलीत बसवून ठेवलं. वाटेत मामा एकदाच बोलले. म्हणाले, “आकडा मीच लिवला, मॅडम. पोरीनं चार म्हणलं, मी चार लिवलं. डोकी न्हाई मोजली.” मी म्हणाले, नंतर बोलू. डोकी मोजायची असं माझ्या सूचनेतही लिहिलेलं नव्हतं.

भराव ओलांडून फडाशी आलो तर तोड बंद होती. कोयते जमिनीवर, माणसं ट्रॉलीवर चढून बसलेली, बायकांनी पोरं मधे घेतलेली. तीन बाजूंनी ऊस आडवा झाला होता आणि विहिरीच्या अंगाला चार-पाच सऱ्यांची एक पट्टी तेवढी उभी होती. मुकादम खाली वाकून आम्हाला म्हणाला, पुढं जाऊ नका, मघाशी गुरगुरलेलं पाच जणांनी ऐकलंय, आता तो त्या पट्टीतच दबा धरून हाय. पट्टीच्या टोकाला मोटारीची खोली दिसत होती. विटांच्या भिंती, वर पत्रा, निळा दरवाजा. पट्टी आणि दरवाजा यांच्यात माझ्या वर्गाच्या लांबीएवढं अंतर असेल.

हाक मारावी असं वाटलं. मग वाटलं, हाक ऐकून तिने आतून दार ढकलायला घेतलं तर? मग आठवलं, तिला ते उघडताच येणार नाही. मला त्या वेळी कडी आहे याचा आधार वाटला आणि आधार वाटला याचीच भीती वाटली.

मी ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, भाऊ, ट्रॅक्टर बांधावरून खोलीपर्यंत न्यायचा आहे. तो म्हणाला, मोटारीला काय झालं? मी म्हणाले, आत शाळेतली मुलगी आहे. त्याने पुढे काही विचारलं नाही. ट्रॉली सोडवली, मला आणि मामांना दोन बाजूंच्या मडगार्डवर बसवलं आणि चालू केला. मामा घुंगरकाठी पत्र्यावर आपटत होते. मी उसाकडे बघणार नाही असं ठरवलं होतं आणि सगळा वेळ उसाकडेच बघत होते. पाचटाची एक पात हलली तरी ती वाऱ्याने हलली का, हे ठरवत होते. जेमतेम दोन मिनिटांचा रस्ता असेल.

कडीत लाकडाची खुंटी घातली होती. माझ्या हातून ती निघेना, मामांनी काढली.

आत ती कोपऱ्यात उभी होती. शाळेच्या गणवेशात, ओढणी कानांवरून घट्ट बांधलेली, दप्तर पोटाशी, हातात मोटारीचा मोठा पाना. त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाईट दिवसाची होती आणि ऑटोवरची मोटार आपोआप चालू झाली होती. त्या खोलीत मोटार चालू असली की भिंतीला टेकलेलं डोकंसुद्धा घुमतं. पाण्याची बाटली भरलेली होती. पाणी प्यायलं की बाहेर जावं लागेल, म्हणून ती प्यायली नव्हती.

मला बघून तिने पाना खाली ठेवला नाही. तिच्या डोळ्यांत सुटल्याचं काही दिसलं नाही. मी आत आले तेव्हा ती आणखी एक पाऊल मागे सरकली, हे मला आजही दिसतं.

मी विचारलं, एवढी माणसं बाहेर ओरडत होती, तू ओरडली का नाहीस?

“वरडले असते तर समद्यांना कळलं असतं,” ती म्हणाली.

परत येताना तिला ट्रॅक्टरवर माझ्या पुढ्यात घेतलं. भराव ओलांडल्यावर थांबलो, तिथे ती थोडं पाणी प्यायली आणि मग बोलली. फार नाही. उभं राहिलं की तिचा आवाज जातो. एका तासाला गेला तर चालतं, पण सतराला पहिल्या तासापासून तीच. विज्ञानाला व्याख्या, गणिताला फळा, इंग्रजीला वाचन, हिंदीला पाठांतर. दुपारपर्यंत वर्ग आधीच हसायच्या तयारीत असतो. “मंग तुमच्या तासाला नकाशा,” ती म्हणाली. “पट्टी घिऊन दाखवायचं. माझा हात कापतो, ती पट्टी नकाशावर वाजती.” मला ते वाजणं आठवलं. जूनमध्ये मी तिला म्हणाले होते, नकाशा चावत नाही.

दप्तरात गणिताची वही होती. खोलीत बसून तिने तो सगळा उदाहरणसंग्रह सोडवला होता. मी फळ्यावर अडकले होते ते उदाहरणही त्यात होतं, बरोबर.

उतरताना तिने माझी बाही धरली. “आईला सांगू नका, मॅडम. माझी शाळा जाईल.”

 उन्हाला पाठ करून उभी राहा, मी म्हणाले, ताप येईल.

उरलेले तास ती ग्रंथालयात बसली. तोडकरी आणि ट्रॅक्टरवाला बाहेरगावचे, पोरगी कुणाची ते त्यांना ठाऊक नव्हतं. चार वाजता टोळी सहाबरोबर मामा स्वतः मळ्यापर्यंत गेले. वनखात्याची माणसं येऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी फटाके वाजवून ती पट्टी तोडली, आत काही नव्हतं. विहिरीच्या कडेला ओल्या मातीत ठसे होते. ते कधीचे, यावर पारावर आठवडाभर वाद झाला. मी तो ऐकायला थांबत नसे.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी हजेरी घेऊन बसले. हजेरीत नंबर वरून खाली असतात आणि तारखा डावीकडून उजवीकडे. जुलैचं पान उघडलं, सतराच्या रेघेवर बोट ठेवलं: सतरा तारखेला तांबडी. ऑगस्टात सतराला रविवार. सप्टेंबरात तांबडी. ऑक्टोबरात दिवाळीची सुट्टी. नोव्हेंबरात तांबडी. मग बोट उचललं आणि पान लांब धरून बघितलं. चार नंबर चार तारखेला. अकरा नंबर अकराला. वीस नंबर वीसला. सगळे नाहीत, पण वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे तांबड्या खुणांची एक तुटक, तिरकी रेघ पानावरून उतरत गेली होती. नोव्हेंबरच्या पानावर तशीच. प्रत्येक खूण मी माझ्या हाताने केलेली आणि महिन्याच्या शेवटी आडवी-उभी बेरीज जुळवून सही केलेली. बेरीज नेहमी जुळायची. तिरकं बघायची वेळ कधी आली नव्हती. बाकीचे त्या त्या दिवशी कुठे बसत होते, याचा विचार मी दिवा बंद करेपर्यंत करत होते, आणि तो विचार अजून संपलेला नाही.

पुढची कामं मी भराभर केली. तारखेची पद्धत बंद. प्रत्येक वर्गाला एक डबा, त्यात नंबरांच्या चिठ्ठ्या. एकाच दिवशी एकाला दोनदा विचारायचं नाही. गणिताचे सर म्हणाले, आता तंबोला खेळायचा का? पण डबा त्यांनीच आपल्या मुलाच्या गोळ्यांचा आणून दिला. फाटकावर डोकी मोजायची, आणि पहिल्या तासालाच दोन्ही याद्या ताडून बघायच्या. मोटारीच्या खोलीला शेतमालकाने कुलूप घातलं. का, ते मामांनी त्याला सांगितलं नाही, मोटार चोरीला जाते असं सांगितलं. चार आणि अकरा आणि वीस नंबरांशी एकेकाशी बोलले. एक आपल्या तारखेला देवळात बसायचा, एक घरी पोट दुखतं सांगायची, एकीने उलट मलाच विचारलं, डबा कायम राहणार का. प्रशिक्षणाचं टिपण दोन पानी दिलं: उजेड, पंखे, बाक, पाणी. प्रत्येक कामावर रेघ मारली.

एक राहिलं. मुख्याध्यापक सर म्हणाले होते, पालकांना सांगणं वर्गशिक्षकाचं काम, ते तुम्हीच करा, कसं ते तुम्ही ठरवा. त्यांचं बरोबर आहे. सांगितलं तर त्या माउलीचा शब्द पक्का आहे, दप्तर माळ्यावर जाईल, आणि त्या वहीतल्या बरोबर उदाहरणांचं पुढे काही होणार नाही. न सांगावं तर आई पोरीला माझ्या भरवशावर धाडत राहणार, आणि त्या भरवशाचं काय झालं हे तिला माहीत नसणार. जानेवारीत सतराला शनिवार होता. शाळा साडेनऊची, तरी मी सातपासून फाटकाशी उभी होते. टोळी सहा आली, मी चार डोकी मोजली, तरी परत मोजली. सतरा नंबर माझ्याकडे बघून किंचित हसली आणि मग मान वळवून आत गेली. 

त्यानंतरच्या आठवड्यात शाळेत मातापालकांचं हळदीकुंकू झालं. सतरा नंबरची आई आली होती, नवी साडी, हातात शेवंतीचा गजरा, त्यांच्याच मळ्यातल्या फुलांचा. तिने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि हात सोडला नाही.

“पोरगी नीट येती ना, मॅडम, शाळंत?”

“येते,” मी म्हणाले. “आता रोज येते.”

‘आता’ तिच्या लक्षात आलं का, माहीत नाही. मागून कुणीतरी हाक मारली आणि ती वळली.

डायरीत सतरा डिसेंबरच्या पानावर, सगळ्यांत खाली, न खोडलेली एक ओळ आहे: सतरा नंबरच्या आईशी बोलणे. झालं नाही ते काम दुसऱ्या दिवशीच्या पानावर उतरवायचं, असा माझा नियम आहे. आज सकाळीही उतरवलं.